रडीचा डाव, कच्चा लिंबू आणि मुलांना कळणारं चांगलं-वाईट

पोरगं कुठे वेडंवाकडं वागलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, घरी काही शिकवलंय की नाही? म्हणजे आपण सगळे धरूनच चालतो की चांगलं-वाईट ही शिकवायची गोष्ट आहे, आईबापांनी सांगायची, शाळेने सांगायची आणि मुलाने लक्षात ठेवायची. आमच्या ठाण्यात तर अबॅकस, फोनिक्स यांच्या जोडीला मूल्यशिक्षणाच्या शिबिरांच्या जाहिराती पण दिसतात. शिबिरांना माझा विरोध नाही, पण मुलांच्या मानसशास्त्रात गेल्या शंभरेक वर्षांत जे काम झालंय ते बघितलं तर एक गोष्ट परत परत समोर येते, की सांगण्यातून मूल कमी शिकतं आणि नात्यांतून जास्त. त्याच्याशी कोण कसं वागतं, बिनसल्यावर पुढे काय होतं, कोणासमोर त्याला हरायला लागतं, कोणाला सांभाळून घ्यायला लागतं, यातून. आणि नाती म्हणजे नुसते आईवडील नाहीत, उलट माझ्या मते आपण सगळ्यात कमी लक्ष देतो ते मुलामुलांच्या आपापसातल्या नात्याकडे.

पण सुरुवात तान्ह्या बाळापासून करू. १९७० च्या दशकात अमेरिकेत एड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. आईने आधी नेहमीसारखं बाळाशी बोलायचं, खेळायचं, आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवायचा, हसायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघत राहायचं. काही महिन्यांचं बाळ, बोलता येत नाही, पण त्याला लगेच कळतं की काहीतरी गडबड आहे. ते आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, मग ओरडतं आणि काहीच जमलं नाही की तोंड फिरवतं, रडायला लागतं. याचे व्हिडिओ युट्यूबवर आहेत, बघताना पोटात कालवतं. हल्ली हा व्हिडिओ ‘मोबाइल बघणारी आई’ म्हणून फॉरवर्ड होतो आणि नोकरी करणाऱ्या बायकांच्या डोक्यावर अजून एक गिल्ट बसतो. पण ट्रॉनिकच्याच कामात पुढे जे दिसलं ते कोणी फॉरवर्ड करत नाही. ज्यांचं छान चाललंय अशा आई-बाळांच्या खेळातसुद्धा दोघांचं जुळलेलं असतं ते साधारण तीस टक्के वेळ, बाकी सगळी चुकामूक असते, बाळाला हवं असतं एक, आई करते भलतंच, मग दोघं परत जुळवून घेतात. आणि बाळाचं शिकणं होतं ते या परत जुळवून घेण्यात. बिनसलेलं नीट होऊ शकतं, आपण काहीतरी केलं तर समोरचं माणूस परत आपल्याकडे वळतं, हा भरवसा तेव्हापासून बसायला लागतो. त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीतून दमून घरी आलेल्या आईने किंवा बापाने पहिली दहा मिनिटं कोणाशी बोलायचं त्राण नाही म्हणून स्वतःला कोसत बसायची गरज नाही, दहा मिनिटांनी ते मुलाकडे वळतात की नाही हे महत्त्वाचं.

दुसऱ्या टोकाला काय होतं तेही बघितलं गेलंय. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट पडली तेव्हा हजारो मुलं सरकारी अनाथालयांत होती, तिथे सांभाळणाऱ्या बायका शिफ्टमध्ये बदलायच्या आणि एकेकीच्या वाट्याला ढीगभर मुलं. २००० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला, त्यातली निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून त्यांना सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांमध्ये ठेवली. जी साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली त्यांची माणसांशी जवळीक करायची क्षमता बरीच सावरली, उशिरा गेलेल्यांची तेवढी नाही. अनाथालयात छप्पर होतं, जेवण होतं, पण ‘हे माझं माणूस’ असं म्हणावं असं एक ठरलेलं माणूस नव्हतं.

हे माणूस आईच पाहिजे असं मात्र नाही. बाळ एकापेक्षा जास्त माणसांशी घट्ट जोडलेलं असू शकतं, आजी, बाबा, पाळणाघरातल्या काकू. फक्त ती माणसं टिकली पाहिजेत. दर तीन महिन्यांनी सांभाळणारी बाई बदलते आणि आपण म्हणतो ‘त्याला काय कळतंय अजून’, तर कळतं.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं प्रेमाबिमाचं झालं, नीतीचा काय संबंध? संबंध दाखवला तो आयोवा विद्यापीठातल्या ग्राझीना कोहान्स्का या बाईंनी. त्या लहान मुलांना दोन परिस्थितींत बघायच्या, एक म्हणजे आईने सांगितल्यावर पसारा आवरणं आणि दुसरी म्हणजे समोर मस्त खेळणी आहेत पण त्यांना हात लावायचा नाही असं सांगितलेलं. त्यांना ऐकण्याचे दोन प्रकार दिसले. काही मुलं आई बघतेय तोवर ऐकतात, ती खोलीबाहेर गेली की संपलं, आणि काही मुलं मनापासून ऐकतात, जणू तो नियम त्यांचा स्वतःचाच आहे, आई नसतानाही खेळण्याकडे जाणारा हात मागे घेतात, कधीकधी स्वतःलाच ‘नाय हात लावायचा’ असं बजावतात. ज्या आई-मुलांमध्ये एकमेकांना प्रतिसाद देणं जास्त, हसणंखिदळणं जास्त, तिथे हा दुसरा प्रकार जास्त आणि पुढे सदसद्विवेकसुद्धा जास्त पक्का. मुलाला ते नातं टिकवायचं असतं म्हणून ते नियम आपलासा करतं. धाकाने ऐकणारं मूल फसवं असतं बरं का, पाहुण्यांसमोर ते एकदम गुणी दिसतं.

बक्षिसांचं पण तसंच. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं की दीड वर्षाचं मूल अनोळखी माणसाला न सांगता मदत करतं. माणूस कपडे वाळत घालतोय, चिमटा खाली पडला, हात पोचत नाही, मूल दुडूदुडू जाऊन चिमटा उचलून देतं. दोन वर्षांनी त्यांनी पुढची गंमत छापली, मदत केल्यावर ज्या मुलांना खेळणं बक्षीस मिळालं त्यांची मदत नंतर कमी झाली, ज्यांना काहीच मिळालं नाही ती करत राहिली. फ्रिजवर स्टारचे चार्ट लावणाऱ्यांनी विचार करावा. दात घासायला, गृहपाठ करायला चार्ट लावा हवा तर, मूल आपणहून ते करणारच नाहीये, पण आजीला पाणी आणून दिलं म्हणून स्टार देऊ नका.

(बाळं जन्मतःच चांगली असतात, सहा महिन्यांची बाळंसुद्धा मदत करणारी बाहुली निवडतात, असं एक २००७ चं संशोधन फार गाजलं होतं. नंतर बऱ्याच देशांतल्या लॅबनी मिळून तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा तसा कल दिसला नाही. त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत.)

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाचं नाव बी.एड. केलेल्यांना पाठ असतं, पण त्याने १९३२ मध्ये मुलांच्या नीतीवर जे पुस्तक काढलं त्याची सुरुवात चक्क गोट्यांपासून आहे. हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये मुलांबरोबर गोट्या खेळायला बसायचा आणि विचारायचा, मला येत नाही, नियम शिकव, आणि हे नियम आले कुठून, आणि आपण नवीन नियम केला तर चालेल का? छोटी मुलं म्हणायची की नियम देवाने केले, बाबांनी केले, गावातल्या मोठ्या लोकांनी केले, ते बदलायचे नाहीत. (आणि हेच म्हणणारी मुलं प्रत्यक्ष खेळताना वाट्टेल तसं खेळायची, तो भाग वेगळा.) दहाच्या पुढची मुलं म्हणायची, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. पियाजेचं म्हणणं असं की हा बदल मोठ्यांच्या उपदेशातून येत नाही. मोठ्या माणसाशी नातं एकतर्फी असतं, ते सांगणार आणि मूल मानणार, तिथे नियम म्हणजे हुकूम. बरोबरीच्या मुलांशी मात्र हुकूम चालत नाही, पटवायला लागतं, सोडून द्यायला लागतं, नाहीतर खेळच बंद पडतो, आणि या रेट्यातून मुलाला कळतं की नियम हा आपल्या सगळ्यांमधला करार आहे.

हे वाचलं आणि मला आपले खेळ आठवले. डबा ऐसपैस घ्या, विष-अमृत घ्या. आधी सुटायचं, मग राज्य कोणावर ते ठरणार, ते ठरवतानाच निम्मा वेळ भांडण. हात लागला की नाही लागला, टाइमप्लीज आधी म्हटलं की नंतर म्हटलं, गाडीच्या मागे लपलं तर चालतं का, आउट झालेला म्हणतो नाही झालो आणि बाकीचे ओरडतात रडी खातोय रडी खातोय. तिथे अंपायर नाही, रिप्ले नाही. सारखी रडी खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी बोलवत नाही, आणि सारखा दुसऱ्यावर राज्य ढकलणाऱ्यालाही नाही, मग तो आपणहून एकदा राज्य घेतो आणि परत आत येतो. कोर्टाचा सगळा कारभार, पुरावा, साक्ष, शिक्षा, माफी, आणि वय वर्षं आठ.

पण या सगळ्यात भारी शोध म्हणजे कच्चा लिंबू. मागे लागलेलं शेंबडं भावंड, त्याला घेतलं नाही तर घरून ओरडा आणि घेतलं तर खेळाचा बोऱ्या. मग मुलांनीच तोडगा काढला, हा कच्चा लिंबू, हा पळणार, लपणार, पण आउट झाला तरी याच्यावर राज्य नाही. मोठ्यांपैकी कोणी हे शिकवलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या मुलांनी मुलांना दिलंय. सगळ्यांना एकच नियम लावणं म्हणजे नेहमी न्याय नाही, ज्याची ताकद कमी त्याला थोडी सूट देऊन आत घ्यायचं, आणि तो मोठा झाला की सूट काढायची. आणि गंमत बघा, एक दिवस तो कच्चा लिंबू स्वतःच भांडतो की मला आता पक्कं खेळायचंय, माझ्यावर पण राज्य द्या. आउट व्हायचा हक्क मागतो! नंतर याच मुलांना अकरावीच्या ॲडमिशनला आरक्षण हा शब्द भेटतो तेव्हा कोणी त्यांना कच्च्या लिंबाची आठवण करून देत नाही, ही माझी तक्रार आहे, पण ते असो.

पियाजेच्या त्याच पुस्तकात कपांची गोष्ट आहे. एका मुलाने दार उघडलं, मागे ट्रे होता हे त्याला माहीत नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसऱ्याने आई नसताना जॅम चोरायला हात घातला आणि एक कप फुटला. जास्त चूक कोणाची? सहा-सात वर्षांच्या आतली बरीच मुलं म्हणायची पंधरावाल्याची. मोठी मुलं हेतू बघायची. नंतरच्या लोकांनी दाखवलं की हेतू जरा स्पष्ट करून सांगितला तर लहान मुलांनाही तो कळतो, पियाजेने त्यांना थोडं कमी लेखलं. पण घरी दुधाचं पातेलं सांडल्यावर आपण स्वतः हेतू बघतो का नुकसान बघतो, हे एकदा तपासून बघा, कारण मूल ते बघत असतं.

हेतू कळायला दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं हे आधी कळावं लागतं. त्याची प्रसिद्ध चाचणी १९८३ ची आहे, एका मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवलं, तो बाहेर गेल्यावर आईने ते दुसऱ्या कपाटात हलवलं, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणतं नव्या कपाटात, चार-पाचचं म्हणतं जुन्या, कारण त्याला कुठे माहितीये. १९९४ मध्ये असं दिसलं की ज्यांच्या घरी भावंडं आहेत त्या मुलांना हे जरा लवकर जमतं. नंतरच्या अभ्यासांत हा फरक कधी दिसला, कधी नाही, त्यामुळे एकुलत्या एक मुलांच्या आईबापांनी लगेच टेन्शन घेऊ नये. भावंडाशी दिवसभर खेचाखेची करताना त्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घ्यायलाच लागतो, ते काम चुलत-मावसभावंडं आणि बिल्डिंगमधली पोरं पण करू शकतात, फक्त ती भेटली पाहिजेत, आणि रोज भेटली पाहिजेत. महिन्यातून एकदा प्लेडेट ठरवून होत नाही ते.

आणि लहानग्याला सांभाळणं हेही एक नातंच आहे. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात (आता २०१४ पासून पालघर) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मोठी मुलं शाळेत का येत नाहीत तर घरी धाकटं भावंड सांभाळायचं असतं, गुरं चरायला न्यायची असतात. या बायकांनी ‘भावंडं घरी ठेवून या’ असं नाही सांगितलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हणत, आणि गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाला त्याच्या नात्यांतून उपटून शिकवायचं नाही, नात्यांसकट शिकवायचं. मला तर हे मोठमोठ्या थिअऱ्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बरं, सगळे नियम मुलांना सारखेच वाटतात का? नाही. एलियट ट्युरिएल आणि लॅरी नुची यांनी मुलांना विचारलं, बाईंनी परवानगी दिली तर अमुक चालेल का. शाळेची पद्धत मोडण्याबद्दल, युनिफॉर्मसारख्या गोष्टींबद्दल, मुलं म्हणतात चालेल. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलं तर चालेल का? नाही, त्याला लागतं ना. साडेतीन-चार वर्षांची मुलंसुद्धा हा फरक करतात, कारण मार खाल्ल्यावर लागतं हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं असतं, ते कोणी सांगायला लागत नाही. पण इथे आपल्या देशाने एक पाचर मारून ठेवलीय. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये छापलेल्या अभ्यासात भुवनेश्वरच्या ब्राह्मण कुटुंबांतल्या मुलांना विचारलं, तेव्हा वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि चिकन खाल्लं हा प्रकार त्यांना सगळ्यात गंभीर गुन्ह्यांपैकी वाटला. शिकागोच्या मुलांना त्यात काहीच वाटलं नाही. आपल्याकडे सुतक पाळलेल्या घरातल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही. म्हणजे कोणाला लागलं एवढंच नाही, तर कोणाचं काय देणं लागतो हेसुद्धा नीतीत येतं, आणि ते मूल घरातल्या माणसांकडून उचलतं.

शिक्षेबद्दल थोडक्यात. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या छोट्या मुलांवर एक अभ्यास २०११ मध्ये छापला, एका शाळेत छडीचा मार, दुसरीत नाही. चोरून बघू नको सांगितलेल्या खेळण्याकडे दोन्हीकडच्या मुलांनी बघितलं, पण मार देणाऱ्या शाळेतली मुलं खोटं जास्त बोलली आणि ते खोटं सफाईने निभावलं. त्याऐवजी मार्टिन हॉफमन हा मानसशास्त्रज्ञ ज्यावर भर देतो ते जुनंच आहे, ‘बघ, तू ढकललंस म्हणून तिचा गुडघा फुटला’. यात मुलाचं लक्ष समोरच्याच्या गुडघ्यावर जातं. ‘तू आहेसच असा, लोक काय म्हणतील’ यात लक्ष स्वतःवर येतं, लाज वाटते, आणि लाजेने माणूस लपतो किंवा उलटा चिडतो, माफी मागायला जात नाही.

आता आपल्या सोसायट्यांकडे बघा. घोडबंदर रोडला पोडियम आहेत, रबराची फ्लोअरिंग आहे, वॉचमन आहे, सगळं आहे, पण मुलं खाली येतात ती दोन क्लासच्या मधल्या पाऊण तासात, आणि बॉल कोणाचा यावर वाजलं की पाच मिनिटांत कोणाची तरी आई खाली, रात्री त्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पॅरेंट्सनी प्लीज आपापल्या मुलांना समजवा’. मुलं तोवर विसरलेली असतात. कट्टी झाली तर बट्टी कशी करायची हे शिकायची संधी आपण त्यांच्याकडून काढून घेतो, आणि वर म्हणतो हल्लीच्या मुलांना शेअरिंग जमत नाही.

मग भांडणात पडायचंच नाही का? पडायचं, पण कधी ते ओळखायला हवं. दान ओल्व्हेउस या संशोधकाने नॉर्वेत मुलांनी मुलांचा छळ करण्यावर, म्हणजे बुलीइंगवर, आयुष्यभर काम केलं, तिथे अशा छळामुळे काही मुलांनी आत्महत्या केल्यावर १९८३ मध्ये देशभर मोहीम निघाली. त्याने सांगितलेल्या खुणा तीन, मुद्दाम केलेलं आहे, पुन्हा पुन्हा होतंय, आणि दोघांच्या ताकदीत फरक आहे. ताकद म्हणजे फक्त अंगाची नाही, एकीकडे सहा जण आणि दुसरीकडे एकटा हीसुद्धा ताकदच. राज्य रोज एकाच मुलावर येतंय, त्याला कधी सुटूच दिलं जात नाही, त्याचं नाव सोडून दुसरंच काहीतरी म्हटलं जातं, तो खाली जायचं टाळतोय, पोट दुखतं म्हणतोय, तर ते भांडण नाही, छळ आहे. तिथे ‘दोघांनी हात मिळवा’ म्हणून चालत नाही कारण दोघांची चूक नसते, आणि ‘तू पण दे एक ठेवून’ हेही चालत नाही. ज्या मुलाला त्रास होतोय त्याच्याशी वेगळं बोलायचं, त्रास देणाऱ्यांशी वेगळं, आणि शाळेत असेल तर शाळेला लेखी कळवायचं.

आणि घरीच काही धड नसेल तर? एमी वर्नर यांनी हवाईच्या कावाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या जवळपास सातशे मुलांचा माग मोठेपणापर्यंत ठेवला. गरिबी, दारू, घरातली भांडणं अशा फेऱ्यात सापडलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट, जबाबदार माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक होतं, किमान एक मोठं माणूस त्यांच्या बाजूने टिकून होतं, आजी, मावशी, एखाद्या बाई, शेजारी. तेव्हा मजल्यावरचं एखादं मूल सारखं तुमच्याकडे येऊन बसत असेल तर बसू द्या, प्रश्न विचारून हैराण करू नका, चहाबरोबर एक पारले द्या. आणि प्रकरण मारहाणीपर्यंत गेलेलं दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर फ्री आहे आणि दिवसरात्र चालू असतो, मुलाने स्वतः केला तरी चालतो आणि शेजाऱ्याने केला तरी.